अंड्याला रेघ नसते

पांढरं अंडं घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा, खिडकीशी न्या आणि त्याच्या कडेची रेघ शोधा बघू. सापडायची नाही. उजळ पांढरं कुठंतरी संपतं आणि जरा मळकं पांढरं सुरू होतं, एवढंच काय ते. पण चार वर्षांच्या पोराच्या हातात खडू द्या आणि म्हणा, अंडं काढ. पोरगं पहिल्यांदा काय करील, तर एक गोल रेघ ओढील! आणि आपणही लगेच म्हणू, वा, छान अंडं काढलंस. आता जी रेघ अंड्यावर नाही, कागदावर नाही, ती ह्या पोरानं आणली कुठून?

चित्रकाराची शिदोरी तशी थोडकीच असते. रेघ, आकार, रंग, उजेड-सावली, पोत आणि मोकळी जागा. त्यातही सगळ्यांत नवलाची मला वाटते ती रेघच. रानात जा, डोंगरावर जा, समुद्रावर जा, कोणत्याही वस्तूभोवती कुणी रेघ आखून ठेवलेली नाही.

ह्या कोड्याचा एक धागा सापडला तो समुद्रातल्या एका म्हाताऱ्या जिवापाशी. घोड्याच्या नालेसारखा दिसतो म्हणून त्याला नाल-खेकडा म्हणतात. आहे मात्र तो खेकड्यापेक्षा कोळ्या-विंचवांच्या जवळचा. आपल्याकडे ओडिशा-बंगालच्या किनाऱ्याला भेटतो. रक्त निळं, आणि घराणं इतकं जुनं की ह्याचे पूर्वज डायनासोरांच्याही कितीतरी आधीपासून वाळूत फिरत होते. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ह्याच्या भाऊबंदाचा डोळा हार्टलाइन नावाच्या शास्त्रज्ञानं तपासायला घेतला, कारण त्या डोळ्याचे भाग ढोबळ, एकेक सुटा करून तपासता येण्याजोगे असतात. तेव्हा त्याला दिसलं की डोळ्यातला एक कण उजेडानं जागा झाला की तो नुसता मेंदूला वर्दी देऊन थांबत नाही, शेजारच्या कणांचा आवाजही दाबतो. बांधाला बांध लागलेले भाऊबंद असावेत ना, तसे हे कण एकमेकांना रेटत असतात. आता उजेड आणि अंधार जिथं भेटतात तिथं काय होईल बघा. उजेडातल्या काठावरच्या कणाला एका बाजूनं दाबणारं कुणी जोरदार नसतं, म्हणून तो जास्तच ओरडतो, आणि अंधारातल्या काठावरच्याला उजेडाचा शेजार असल्यामुळं तो आणखीच गप्प होतो. म्हणजे कड दोन्ही अंगांनी उठून दिसते. आपल्याही डोळ्यात ही रेटारेटी अखंड चाललेली असते. ह्या कामासाठी हार्टलाइनला १९६७ साली नोबेल मिळालं.

ही झाली डोळ्यातली गोष्ट. पुढं मेंदूत काय होतं, ते कळलं ते मात्र गमतीनं. १९५८ साली ह्यूबेल आणि वीझल हे दोघं अमेरिकेत एका मांजराच्या मेंदूतली एकेक पेशी ऐकत बसले होते, अक्षरशः ऐकत, कारण पेशी जागी झाली की कर्ण्यातून तडतड आवाज यावा अशी सोय होती. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका चिकटवून तो ते मांजराला पडद्यावर दाखवत. तास गेले, पेशी काही बोलेना. आणि एकदा पट्टी यंत्रात सरकवताना ती एकदम तडतडायला लागली! ठिपक्याकडं तिचं लक्षच नव्हतं. काचेच्या कडेची पुसट सावली एका तिरकस रेघेसारखी पडद्यावरून सरकली होती, आणि ती पेशी नेमक्या तेवढ्याच तिरकेपणाच्या रेघेची वाट बघत बसली होती. उभ्या रेघेची पेशी वेगळी, आडवीची वेगळी. १९८१ चं नोबेल ह्या दोघांनाही मिळालं, आणि मला विचाराल तर त्या काचेच्या पट्टीलाही त्यातला वाटा द्यायला हवा होता.

म्हणजे अंडं काढणाऱ्या पोरानं रेघ आणली ती घरातूनच, आपल्याच डोळ्या-मेंदूतून. हॉखबर्ग आणि ब्रूक्स ह्या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं तर एका लेकराला एकोणीस महिन्यांचं होईपर्यंत चित्रं जवळजवळ दिसूच दिली नाहीत, चित्राला नाव कसं द्यायचं हे तर शिकवलंच नाही. मग रेघांची चित्रं पुढ्यात ठेवली, तर बाळानं ओळखीच्या वस्तूंची नावं सांगितली. कुणी न शिकवता!

रंगाचंही असंच शेजाऱ्यावाचून पान हलत नाही. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात. १८२४ साली तिथल्या रंगखात्यावर शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ आला, तर विणकरांची तक्रार, की काळ्या रंगात दम नाही. त्यानं ठिकठिकाणची काळी लोकर मागवून ताडून पाहिली. गोब्लाँची काळी कुणाहून कमी नव्हती. खोट होती शेजारात. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीत ती काळी लोकर विणत होते, आणि निळ्याला लागून असलेलं काळं किंचित नारिंगी झाक घेतं, मग विटल्यासारखं दिसतं. शेव्रलनं ह्यावर १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला, तो पुढं चित्रकारांनी मनापासून वाचला, आणि हा गृहस्थ स्वतः १०२ वर्षं जगला.

पोत, उजेड-सावली ह्यांच्याही अशाच गोष्टी आहेत, पण मला घरची एक सांगायची आहे. पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांकडं गेरूनं सारवलेली भिंत असते, तांदळाचं पांढरं पीठ पाण्यात कालवलेलं असतं, आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचं अंग झालं, वर गोल डोकं, चार रेघांचे हातपाय. सावली नाही, चेहरा नाही. तरी ते माणूस नाचतं, भात लावतं, पाणी भरतं, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती सगळी वळसे घेत फिरू लागली की भिंत हलल्यासारखी वाटते. डोळ्याला जेवढं लागतं नेमकं तेवढंच दिलं आणि वरचं एक टिंबही नाही, ही अक्कल प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ह्या बायकांच्या बोटांत होती. हो, बायकांच्याच, कारण लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचं काम सवाशिणींचं. पुढं जिव्या सोमा म्हसे ह्यांनी लग्नाबिग्नाची वाट न बघता रोजच चित्रं काढायला घेतली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

डहाणू-तलासरीच्या बाजूला लग्नसराईत कुणाचं बोलावणं आलं, तर चुकवू नका. भिंतीसमोर निवांत बसा, आणि घरातल्या म्हातारीला विचारा, पहिली रेघ कुठून सुरू केलीस.