ग्रुप ॲडमिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै उजाडला की कोल्हापुरात गल्लीच्या, तालमीच्या, दूध संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फिरू लागते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण त्याच ग्रुपवर जुने पुराचे व्हिडिओ, घरबसल्या कमाईच्या जाहिराती आणि ‘आरटीओ चलन’ नावाच्या फसव्या ॲपच्या एपीके फायलीही येऊन पडतात. हा कचरा उपसतो तो बिनपगारी ॲडमिन, आणि त्याच्याविषयी गैरसमज मात्र भरपूर आहेत.

गैरसमज 1: स्पॅम अडवणे कंपनीचे काम. ॲडमिनची गरजच काय?

वस्तुस्थिती: व्हॉट्सॲपवरचे संदेश कूटबद्ध असतात, त्यामुळे कंपनीला ते एरवी वाचता येत नाहीत. कोणी तक्रार केली तर संबंधिताचे शेवटचे पाच संदेश तिच्याकडे जातात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात समाजमाध्यमांवर फिरलेल्या मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच जणांचा जीव गेला. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. यामुळे वेग कमी होतो, पण खरे-खोटे ठरत नाही.

ते स्थानिक माणूसच ठरवू शकतो. समजा, संदेश आला: ‘राधानगरीचे दरवाजे उघडले, 50 हजार क्युसेक विसर्ग, घरे सोडा.’ तारीख नाही. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी सुटते, सातही उघडले तरी साधारण 10 हजार. पूरपट्ट्यातल्या चिखली-आंबेवाडीच्या जाणत्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. तो दोन मिनिटांत संदेश काढतो आणि जिल्हा प्रशासनाची ताजी माहिती टाकतो.

गैरसमज 2: कोणी काहीही टाकले तरी ॲडमिन तुरुंगात जातो.

वस्तुस्थिती: या भीतीने अनेक जण ॲडमिनपद नाकारतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्याच्या मजकुरात ॲडमिनचा समान हेतू किंवा आधीचे संगनमत नसेल, तर केवळ पदामुळे तो दोषी ठरत नाही. मजकूर पडण्याआधी तो अडवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, हेही न्यायालयाने नोंदवले. केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये हीच भूमिका घेतली. मात्र ॲडमिननेच आक्षेपार्ह मजकूर टाकला किंवा त्याला साथ दिली, तर पद त्याला वाचवत नाही.

गैरसमज 3: ॲडमिन म्हणजे ग्रुपचा मालक, आणि तो एकच हवा.

वस्तुस्थिती: ग्रुपमध्ये 1024 माणसे मावतात आणि ॲडमिन हवे तितके नेमता येतात. सदस्याचा संदेश सर्वांसाठी काढण्याची सोय 2022 पासून आहे. नव्या सदस्याला मंजुरी देऊनच आत घेता येते आणि पूरकाळात ‘फक्त ॲडमिनच लिहितील’ असेही ठरवता येते. एकट्याने चोवीस तास लक्ष ठेवणे अशक्यच. वेगवेगळ्या गल्लीतले, वेगवेगळ्या वेळी जागे असणारे तिघे-चौघे हवेत.

गैरसमज 4: संदेश काढणे म्हणजे गळचेपी.

वस्तुस्थिती: घटनेतले अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः सरकारपासून संरक्षण देते. खासगी ग्रुपला स्वतःचे नियम करता येतात. शिवाय ॲडमिनने संदेश काढला की कोणी काढला हे सगळ्यांना दिसते, चोरून काही होत नाही. अडचण येते ती नियम लिहिलेले नसतात तेव्हा. मग एकाची जाहिरात उडते, दुसऱ्याची राहते आणि भांडण पेटते.

गैरसमज 5: मोबाइल चांगला चालवणारा कोणीही चालेल.

वस्तुस्थिती: हात चालण्यापेक्षा डोके शांत असणे महत्त्वाचे. 2003 मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रचालक, म्हणजे तिथले ॲडमिन, हेही स्वयंसेवकच. आधी काम दिसते, मग इतर सदस्य कौल देतात आणि मग अधिकार मिळतात. गल्लीच्या ग्रुपलाही हीच रीत लावावी. सहा महिने ज्याने तपासल्याशिवाय काही पुढे ढकलले नाही, त्याला नेमा. गैरवापर केला तर अधिकार काढून घ्या.

गैरसमज 6: ॲडमिन चांगला असला की निर्धास्त.

वस्तुस्थिती: त्याची सत्ता ग्रुपपुरती. जून 2023 मध्ये कोल्हापुरात तणाव उसळला तो समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून आणि इंटरनेट बंद करावे लागले. असे स्टेटस कोणत्याही ॲडमिनच्या हाताबाहेरचे असते. अनोळखी एपीके उघडून पैसे गेले, तर ॲडमिनला दोष देत न बसता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

तेव्हा पुढचा पावसाळा येण्याआधी आपल्या ग्रुपवर दोन-तीन विश्वासू माणसे नेमा आणि चार ओळींचे नियम लिहून पिन करा. तुमचा संदेश त्यांनी काढला, तर वाद घालण्याआधी त्यावरची तारीख एकदा बघा.