पिकअपचा पिवळा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?



ऐन हंगामात पिकअप बंद पडली म्हणजे काय होते, हे आपणांस सांगायला नको. तोडलेली भाजी कुणाची वाट पाहत नाही. म्हणून स्पीडोमीटरशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो. त्याहून त्रासाची गोष्ट ही, की गॅरेजात पैसे मोजून दिवा विझवून आणावा आणि चार दिवसांनी तो पुन्हा लागावा. हा त्रास आम्ही एक पावसाळाभर सोसला. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

दिवा काय सांगतो?

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल पिकअपमध्ये इंजिनावर एक छोटा कॉम्प्युटर लक्ष ठेवतो. हवा किती आली, डिझेलचा दाब किती, पाणी किती तापले, हे त्याला निरनिराळे सेन्सर कळवितात. एखादे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो एक क्रमांक नोंदवून ठेवतो. बहुतेक दोषांत तीच गोष्ट लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसली की दिवा लागतो. पुढच्या तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही, तर सहसा दिवा आपोआप विझतो. पण नोंद पुढे बरेच दिवस राहते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दिवा हा रोग नव्हे, लक्षण आहे. यंत्र लावून क्रमांक पुसणे म्हणजे ताप मोजून थर्मामीटर झटकण्यासारखे आहे. पारा खाली येतो, ताप तसाच राहतो.

आमच्या गाडीची गोष्ट

आमची पिकअप २०१७ सालची, जुनी घेतलेली. बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात जायचे आणि येताना नारळ भरून आणायचे, हा आमचा क्रम. दिवा लागला की गाडीची ओढ कमी व्हायची आणि मागून काळा धूर निघायचा. गॅरेजात नेली तर क्रमांक निघाला पी ०२९९. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतो, असा त्याचा अर्थ. मेकॅनिकने दाबाचा सेन्सर बदलला, क्रमांक पुसला, रिकाम्या गाडीतून गावात फेरी मारून दाखविली. दिवा गेला. पुढच्या खेपेला परत आला. दुसऱ्या गॅरेजात सांगितले, टर्बोच बदला. तो खर्च ऐकून आम्ही गाडी तशीच घरी आणली.

मग आम्ही एका वहीत लिहू लागलो: दिवा कुठे लागला, माल किती होता, रस्ता चढाचा की उताराचा. चार खेपांत उत्तर समोर आले. दिवा जाताना कधीच लागत नव्हता. येताना, नारळ भरून घाट चढतानाच लागत होता. उतरताना टर्बोवर जोर नसतो. जोर पडतो तो चढावर, भरल्या गाडीत. गॅरेजातली फेरी सपाट रस्त्यावर आणि रिकाम्या गाडीत, मग दोष तिथे दिसावा कसा?

ही वही घेऊन एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचा वेग, भार, पाण्याचे तापमान काय होते याची नोंदही कॉम्प्युटरमध्ये असते. ती त्याने आधी वाचली. ती आमच्या वहीशी जुळली. मग त्याने टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला हात फिरविला. बोटांना काळे तेल लागले. क्लिपेजवळ पाइप चिरला होता. इंजिन मंद चालताना चीर मिटलेली असे. दाब वाढला की उघडे आणि हवा निसटे. पाइप आणि क्लिप बदलली. सेन्सर चांगला होता, टर्बोही चांगला होता. आम्ही विनाकारण एक सेन्सर विकत घेतला होता.

तपासाचा क्रम

क्रमांक तक्रार सांगतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. म्हणून स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरुवात करावी.

१. चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, पिवळा दिवा लागतो का ते पाहावे. इंजिन सुरू झाल्यावर तो विझायला हवा. जुनी गाडी विकत घेताना हे अवश्य पाहावे. मुळीच लागत नसेल, तर दिवा उडाला आहे किंवा कुणी तो मुद्दाम बंद केला आहे.

२. क्रमांक वाचून वहीत लिहून घ्यावा. पुसण्यापूर्वी त्या क्षणाची नोंदही वाचायला सांगावे. बॅटरीची तार काढून दिवा विझवू नये. त्याने ही उपयोगी माहिती जाऊ शकते.

३. इंजिन बंद व थंड असताना बॅटरीची टोके घट्ट व स्वच्छ आहेत का, अर्थिंगची तार गंजली आहे का, सेन्सरच्या तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत का, हे पाहावे. खळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदरांचा उपद्रव फार.

४. एअर फिल्टर काढून पाहावा. धुळीच्या वाटेवर तो लवकर कोंदतो. हवेच्या सर्व रबरी पाइपांवरून, विशेषतः क्लिपांच्या कडेने, हात फिरवावा. तेलकट काळा डाग दिसला तर तिथे चीर शोधावी.

५. डिझेल फिल्टरखालच्या चावीतून पाणी काढून टाकावे. पावसाळ्यात आणि कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी तर नक्कीच.

६. एवढे पाहूनच सेन्सर, ईजीआर व्हाल्व्ह, टर्बो यांच्याकडे वळावे. नवा भाग बसविण्याआधी जुना खराब असल्याचे मेकॅनिकने मोजून दाखवावे, असा आग्रह धरावा. त्यात संकोच नको.

७. दुरुस्तीनंतर दोष जिथे दिसत होता त्याच रस्त्यावर, तेवढाच माल भरून गाडी चालवावी. तोपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

केव्हा थांबावे?

नुसता पिवळा दिवा असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येते. ऑइलचा तांबडा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर मात्र गाडी बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे. पेट्रोल गाडीत पिवळा दिवा उघडझाप करू लागला तर तेल नीट जळत नाही असे समजावे आणि गाडी रेटू नये.

हात सांभाळा

आता आरोग्याची गोष्ट. जुन्या ट्रॅक्टरवर आपण डिझेलचा पाइप सैल करून हवा काढतो. ती सवय या नव्या डिझेल इंजिनावर चालवू नका. यांच्या रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो; चाकातल्या हवेच्या तो शेकडोपट असतो. इंजिन चालू असताना पाइप सैल केला किंवा गळती बोटाने चाचपली, तर डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि दुखतही कमी. पण आत मांस सडू लागते, बोट किंवा हात गमवावा लागतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे आणि दाबाचे डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. येथे तासातासाला महत्त्व आहे.

दिव्यावर चिकटपट्टी लावून गाडी चालविणारे आम्ही पाहिले आहेत. आमच्या मते पट्टीऐवजी गाडीत एक वही आणि पेन्सिल ठेवावी. दिवा लागेल त्या दिवशी चार ओळी लिहाव्यात. आमच्या गाडीचा दोष त्या चार ओळींनीच सापडला.