एका मशीनमध्ये पाच सर्व्हर : पैसा वाचतो, पण आधी हिशेब मांडा

रामाकोना : सौंसर तालुक्यातल्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रातला कारखाना असो की संत्र्याचा मोठा व्यापारी, कारभार वाढला की सर्व्हर वाढतात. टॅलीचा एक, हजेरीचा एक, स्टॉकचा एक, फाइलींचा एक. खोली तापते, एसी दिवसरात्र चालतो. आणि गंमत अशी, की यातल्या बहुतेक मशीन दिवसाचा बराच वेळ रिकाम्याच बसलेल्या असतात.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. भाडेकरू पाच, प्रत्येकाच्या खोलीला आपापले कुलूप. पण पाया, विहीर आणि बिजलीचे मीटर एकच. तसेच एका दणकट मशीनवर 'हायपरवायझर' नावाचे सॉफ्टवेअर बसते आणि ते मेमरी, प्रोसेसर, डिस्क वाटून देते. प्रत्येक सर्व्हरला वाटते, मशीन आपलीच. कल्पना नवी नाही. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी 1972 मध्येच असे सॉफ्टवेअर बाजारात आणले होते.

पण पाया खचला तर पाचही भाडेकरू रस्त्यावर येतात. म्हणून एक मशीन घेऊन भागत नाही, दोन लागतात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा, पाच सर्व्हरना मिळून 112 जीबी मेमरी लागते. 64-64 जीबीच्या दोन मशीन घेतल्या तर बेरीज 128 होते, कागदावर सगळे ठीक दिसते. एक मशीन बंद पडली की उरलेल्या 64 मध्ये 112 मावणार कसे? प्रत्येक मशीन एकटीने सगळा भार उचलेल, इतकी मोठी हवी. बहुतेक ठिकाणी प्रोसेसरच्या आधी मेमरीच संपते, हेही ध्यानात ठेवावे.

मोजमाप किमान महिनाभर करावे. महिनाअखेरीचा पगार, जीएसटीचे रिटर्न भरायचे दिवस आणि संत्र्याचा हंगाम, या काळातला भार खरा. दिवाळीच्या सुट्टीत मोजून उपयोग नाही.

लायसन्सचा खर्च वेगळा. व्हीएमवेअर ही या धंद्यातली मोठी कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये विकत घेतली आणि डिसेंबरपासून कायमस्वरूपी लायसन्स विकणे बंद केले. आता वर्गणी, तीही प्रोसेसरच्या कोरप्रमाणे. लहान धंद्याला हे परवडेलच असे नाही. हायपर-व्ही किंवा मुक्त स्रोतातले प्रॉक्समॉक्स हे पर्याय आहेत, पण ते सांभाळणारा माणूस नागपूर-छिंदवाड्यात मिळतो का, हे आधी विचारा. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड लायसन्समध्ये दोनच व्हर्च्युअल सर्व्हर बसतात, हेही विसरू नये.

स्थलांतर एका रात्रीत उरकायचे नसते. आधी कमी महत्त्वाचा सर्व्हर हलवावा, आठ-पंधरा दिवस पाहावे, हिशेबाचा सर्वांत शेवटी. टॅलीचे लायसन्स मशीनशी बांधलेले असते, ते आधी सरेंडर करून नव्या जागी चालू करावे लागते. धर्मकाट्याला वायरने जोडलेला संगणक मात्र तिथेच राहू द्यावा. लाइन गेली की यूपीएसने आधी व्हर्च्युअल सर्व्हर आणि मग मूळ मशीन बंद करावी, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

बॅकअपकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. फेब्रुवारी 2023 मध्ये जगभरातल्या हजारो व्हीएमवेअर मशीनवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट दोन वर्षे आधीच आले होते. अनेकांनी टाकलेच नव्हते. हायपरवायझर हातात गेला की एका फटक्यात सगळे सर्व्हर कुलूपबंद होतात. 'स्नॅपशॉट' त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप म्हणता येत नाही. शिवाय कंपनी म्हणून नोंदणी असलेल्या धंद्यांना ऑगस्ट 2022 पासून हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे.

ती प्रत सर्व्हरच्याच खोलीत ठेवू नये, आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातून सर्व्हर खरोखर उभा करून पाहावा. जुनी मशीन भंगारात द्यायची घाई नको. एक पूर्ण महिनाअखेर नव्यावर निभावू द्या. तोवर तिची नेटवर्कची वायर मात्र काढून ठेवा, नाहीतर एकाच पत्त्याचे दोन सर्व्हर भांडत बसतील.