महाविद्यालयाची पैसेवारी

आपल्या शेतकरी समाजांतील मुलें-मुली हल्लीं मोठ्या संख्येनें महाविद्यालयांत जाऊं लागलीं आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु सत्र संपल्यावर जो निकाल हातीं पडतो, त्यावर पूर्वींप्रमाणें ‘६०० पैकीं ३९०’ असें सरळ लिहिलेलें नसतें. ‘एस्.जी.पी.ए. ७.००, सी.जी.पी.ए. ६.१०’ असे आंकडे असतात. वडील माणूस तो कागद उलटसुलट करून पाहतें आणि ‘दहांत सहा, म्हणजे बरें चाललें आहे’ असें म्हणून फडताळांत ठेवून देतें. चौथ्या वर्षीं प्रथम श्रेणी थोडक्यांत हुकली असें कळतें, तेव्हां उपाय उरत नाहीं. सातबारा वाचल्यावांचून आपण वीतभर जमीन घेत नाहीं. मग ज्या शिक्षणापायीं कर्ज काढावें लागतें, त्याचा उतारा न वाचतां ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

ही पद्धति आपणांकडे आली ती शेतीच्याच वाटेनें. अमेरिकेंत १८६२ सालीं मॉरिल यांच्या नांवाचा कायदा होऊन, सरकारी जमिनींच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें निघालीं. त्याच धर्तीवर १९६० सालीं पंतनगर येथें आपल्या देशांतील पहिलें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. पुढें महाराष्ट्रांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें चार कृषि विद्यापीठें झालीं. सत्र, क्रेडिट व ग्रेड पॉइंट हे शब्द त्यांच्याबरोबर रुळले. आतां तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटांच्या मापामुळें कला, वाणिज्य व शास्त्र या शाखांतही तोच हिशेब चालतो.

या हिशेबाची किल्ली ‘क्रेडिट’ या शब्दांत आहे. क्रेडिट म्हणजे विषयाचें क्षेत्र. आठवड्यास एक तासाचें व्याख्यान, किंवा साधारणतः दोन तासांचें प्रात्यक्षिक, सत्रभर चाललें म्हणजे एक क्रेडिट होतो. विषयापुढें ‘३ (२+१)’ असें असेल, तर दोन क्रेडिट व्याख्यानाचे व एक प्रात्यक्षिकाचा असें समजावें. ग्रेड पॉइंट म्हणजे त्या क्षेत्रांतील एकरीं उतारा. तीन एकरांत एकरीं आठ क्विंटल व एका एकरांत चार क्विंटल पिकले, तर सरासरी सहा क्विंटल कोणी धरणार नाहीं. एकूण अठ्ठावीस क्विंटलांस चार एकरांनीं भागून ती सातच येईल. येथेंही तसेंच.

उदाहरण घेऊं. एका विद्यार्थ्याचे चार विषय आहेत. पहिला ३ क्रेडिटांचा, त्यांत ८ पॉइंट. दुसरा ४ क्रेडिटांचा, त्यांत ६.५, तिसरा २ क्रेडिटांचा, त्यांत ७, चौथा १ क्रेडिटचा, त्यांत ९. गुणाकार अनुक्रमें २४, २६, १४ व ९, बेरीज ७३. एकूण क्रेडिट १०. म्हणून त्या सत्राची सरासरी, म्हणजेच एस्.जी.पी.ए., ७.३० झाली. नुसत्या पॉइंटांची सरासरी काढली असती तर ती ७.६२ च्या वर गेली असती. पण ती खोटी. मोठ्या विषयांत उतारा कमी पडला, तो लहान विषयांतील नऊ पॉइंटांनीं भरून निघत नाहीं. आतां चार क्रेडिटांच्या त्या विषयांत तो नापास होऊन शून्य मिळालें असें धरा. बेरीज ४७ होते, पण भागाकार दहानेंच होतो, आणि सरासरी ४.७० वर येते. पडीक राहिलेलें शेतही आकारणींतून सुटत नाहीं, तसाच हा प्रकार.

एस्.जी.पी.ए. एका सत्राचा, तर सी.जी.पी.ए. आरंभापासून आजपर्यंतच्या सर्व सत्रांचा. गांवची पैसेवारी आधीं नजरअंदाज, मग सुधारित व शेवटीं अंतिम अशी निघते, सी.जी.पी.ए. सुद्धां प्रत्येक सत्रास सुधारत जाऊन पदवीच्या वेळीं अंतिम होतो. पहिल्या सत्रांत २० क्रेडिटांवर ५.२० व दुसऱ्यांत २० क्रेडिटांवर ७.०० मिळाले, तर १०४ व १४० मिळून २४४. त्यास ४० नें भागलें कीं ६.१०. वर सांगितलेला निकाल याच मुलाचा समजावा. एकवार घसरलेलें माप हळूहळूच वर येतें. अभ्यासक्रम १६० क्रेडिटांचा व लक्ष्य ७.०० चें असेल, तर पहिलें सत्र ५.२० वर गेल्यावरही उरलेल्या १४० क्रेडिटांवर सुमारें ७.२६ ची सरासरी पुरे होते. तेंच १२० क्रेडिट ६.५० च्या सरासरीनें संपवून मग जाग आली, तर उरलेल्या ४० क्रेडिटांवर ८.५० मिळवावे लागतात. म्हणून पहिल्या सत्राच्या निकालावर मुलास घालूनपाडून बोलूं नये, आणि सहाव्या सत्रापर्यंत स्वस्थही बसूं नये.

आतां या आंकड्यांवरून विद्यार्थ्याची पत कशी ठरते तें पाहूं. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या पांचव्या अधिष्ठाता समितीच्या मापाप्रमाणें ५ च्या खालीं नापास, ५ ते ६ च्या आंत केवळ उत्तीर्ण, ६ पासून द्वितीय श्रेणी, ७ पासून प्रथम श्रेणी व ८ पासून विशेष प्राविण्य. रुपयांत पन्नास पैसे ही रेषा आपल्या जशी ओळखीची, तशीच येथील दहांत पांच ही. अनुदान आयोगाच्या मापांत मात्र ‘ओ’ ला १०, ‘ए प्लस’ ला ९ असें उतरत जाऊन ‘पी’ ला ४ व नापासास शून्य असतें. सबब एका विद्यापीठाचा आंकडा दुसऱ्याच्या मापानें मोजूं नये. अमेरिकेंत तर माप बहुधा चारचें असते. तेथें पुष्कळ महाविद्यालयांत सरासरी २.० च्या खालीं गेली कीं विद्यार्थ्यास ताकीद देऊन देखरेखीखालीं ठेवतात, आणि सुधारणा न झाल्यास नांव कमी करतात. आपल्याकडील ‘ए.टी.के.टी.’ म्हणजे राहिलेला विषय डोक्यावर घेऊन पुढील वर्गांत बसण्याची परवानगी. ती माफी नव्हे, तहकुबी आहे. तहकूब सारा पुढें भरावाच लागतो.

शेकडेवारी काढतांनाही सावध असावें. वरील कृषि मापांत आंकड्यास दहानें गुणलें कीं काम होतें. पण केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें पूर्वीं दहावीच्या ग्रेडांसाठीं ९.५ नें गुणावयास सांगितलें होतें. नोकरीच्या अर्जावर अंदाजानें शेकडेवारी लिहूं नये; विद्यापीठाचें सूत्र किंवा दाखला घ्यावा.

तेव्हां प्रत्येक सत्राअखेर मुलास वा मुलीस इतकेंच विचारावें: एकूण किती क्रेडिट झाले, सी.जी.पी.ए. किती, कोणता विषय राहिला व तो केव्हां देणार, आणि हजेरी नियमाइतकी भरली कीं नाहीं. महाविद्यालयाची नियमपुस्तिका घरीं मागवून घ्यावी. प्रश्न रागानें न विचारतां, पीकपाणी विचारावें तसे विचारावे. म्हणजे अडचण असेल ती वेळींच कानावर येईल. पीक वाळल्यावर पाणी देऊन काय उपयोग?