आग विझवणारं धुकं: नोझल कसं पारखावं?

थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात आणि एकूण पृष्ठभाग दुप्पट. असे थेंब उष्णता शोषून झटकन वाफ होतात. वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापून ज्वाळेपाशी येणारा प्राणवायू हटवते. म्हणून सर्वांत बारीक फवारा देणारं नोझल उत्तम, असं मात्र नाही. अतिबारीक थेंबाला जोर नसतो. आगीतून वर उसळणारा गरम झोत त्याला उडवून लावतो. तेव्हा थेंबाचा आकार, वेग, फवाऱ्याचा कोन आणि मिनिटाला लागणारं पाणी एकत्रच तपासावं. माझ्या मते खरी कसोटी चाचणीतल्या आगीची. जहाजाच्या बंद इंजिनखोलीत तेलाची मोठी आग विझवणारं नोझल लोखंडी पत्र्याआडच्या लहानशा आगीपुढे तोकडं पडू शकतं, कारण तिथे पुरेशी वाफच होत नाही.