सोपारा ते नागसेनवन : पाच दिवसांची धम्मयात्रा

वार्षिक शैक्षणिक सहलीचा विषय निघाला की पालकसभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : वसतिगृहाचा खर्च भागवताना ओढाताण होत असता पाच दिवसांच्या प्रवासावर पैसा का खर्चावा? प्रश्न रास्त आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिला मुक्काम सोपारा. आजचे नालासोपारा हे प्राचीन काळी शूर्पारक नावाचे भरभराटीचे बंदर होते. येथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा येथे सापडला. हा लेख गिरनार येथील शिळेवर अधिक सविस्तर वाचता येतो. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, भेट दिली व तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली, असा त्याचा आशय आहे. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना साहाय्य, ग्रामीण जनतेचे दर्शन आणि धम्माविषयी संवाद ही त्या यात्रेची कार्ये. प्रवास कशासाठी करावा, याचा इतका जुना खुलासा आपल्याच किनाऱ्यावर मिळाला आहे. म्हणून निघतानाच आम्ही मुलांना सांगतो : प्रत्येक ठिकाणी एक तरी प्रश्न विचारावा आणि एका तरी स्थानिक माणसाशी बोलावे.

दुसरा दिवस डोंगराचा. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटातून देशावर जाई. मुले तो घाट वैशाखऱ्याजवळून पायी चढतात; बस माळशेज घाटाने वळसा घेऊन येते. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले असून भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात त्यांना मोलाचे स्थान आहे. तेथून जुन्नर. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत. लेणी राजेच खोदवीत, ही मुलांची समजूत येथे गळून पडते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख येथे आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेखही येथील लेखांत येतात. हाताने काम करणाऱ्यांची नोंद दगडावर दोन हजार वर्षे टिकून आहे, हे श्रमिकांच्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे आम्हांस वाटते.

तिसऱ्या दिवशी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आम्ही गणिताचा तास घेतो. नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातील लेखात तीन हजार कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद केली आहे. त्यांतील दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल मोडायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. मुले हा हिशेब वहीत मांडतात आणि तो अचूक जुळतो.

चौथ्या दिवशी वेरूळ. पहिली बारा लेणी बौद्ध असून दहावे, विश्वकर्मा म्हणून ओळखले जाणारे, चैत्यगृह आहे. दुपारी दौलताबाद. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह याच वाटेने पर्यटनास आले होते. निजामाच्या राज्यातील या किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर प्रवासाची धूळ धुतली, म्हणून पाणी बाटवल्याचा आरोप करून त्यांना अडवण्यात आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. तो ऐकून एका विद्यार्थिनीने विचारले, “मग बाबासाहेबांनी किल्ला पाहिला का?” पाहिला, पण पाण्याला कोठे स्पर्श होऊ नये, यासाठी सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला होता. हे उत्तर ऐकल्यावर मुले बराच वेळ बोलली नाहीत. आम्हीही बोललो नाही.

पाचव्या दिवशी छत्रपती संभाजीनगरचे नागसेनवन. ज्या शहराजवळ त्यांना पाणी नाकारले गेले, तेथेच बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. हौदावरच्या अपमानाचा प्रसंग आदल्या दिवशी ऐकल्याने या इमारतीचा अर्थ मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

पालकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच. पुस्तकात ‘दान’ हा शब्द वाचणे आणि दान देणाऱ्या श्रेणीचे नाव दगडावर बोटाने चाचपणे यांत अंतर आहे. आपले विद्यालयही अनेकांच्या लहानमोठ्या दानावर उभे आहे. ज्यांनी ही यात्रा केली, त्या माजी विद्यार्थ्यांनी सहलीसाठी एक अक्षयनीवी उभारावी : मुद्दल सुरक्षित राहील आणि व्याजातून दरवर्षी गरजू मुलांचा प्रवासखर्च निघेल. व्यवहार कसा करावा, याचा नमुना त्रिरश्मीच्या भिंतीवर आहेच.