खिशातली बॅटरी

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी गुन्हेगारी मालिकेतून २०१५ मध्ये ‘बेटर कॉल सॉल’ ही मालिका निघाली. तिचे अनेक चाहते एका माणसावर फार चिडतात. तो म्हणजे नायकाचा थोरला भाऊ, निष्णात वकील चक मॅकगिल. विजेच्या उपकरणांचा अंगाला त्रास होतो म्हणून हा घरात कंदील लावून राहतो. तिसऱ्या पर्वात भर सुनावणीत उघड होतं, की त्याच्या खिशात दीड तासाहून अधिक काळ भरलेली बॅटरी होती आणि त्याला पत्ताही लागला नाही. प्रेक्षक खूश! ढोंगी पकडला गेला.

मला तो प्रसंग बघवत नाही. अशी तक्रार असलेली माणसं खरोखर असतात. लहरी चालू की बंद हे न सांगता चाचणी घेतली, तर त्यांना फरक ओळखता येत नाही. पण चालू आहेत असं नुसतं वाटलं तरी त्रास सुरू होतो. याला नोसिबो परिणाम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, लहरींशी संबंध सिद्ध झालेला नाही, लक्षणं मात्र खरी आहेत.

आमच्या ओपीडीत चक रोज येतो, फक्त सुटाबुटात नसतो. ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल, ही नाटकं करते हो,’ असं नवरा बायकोसमोरच सांगतो. नवखा असताना मीही ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून कागद परत केलेत. हल्ली म्हणतो, ‘बाई, दुखतंय हे खरं. कशानं, ते बघू.’ मग ती नवऱ्याला बाहेर थांबायला सांगते.